जनरेटर जवळ आणा

जनरेटर लांब न्या म्हणून भांडणारे गायक मी तीस वर्षं बघत आलोय. जनरेटर जवळ आणा म्हणणारी मात्र उभ्या आयुष्यात एकच बघितली.

कोल्हापुरात कसबा बावड्यात एका हळदीचा कार्यक्रम होता. साउंड माझा, ऑर्केस्ट्रा बाहेरचा. त्यांची गाणारी बाई ऐन वेळी आलीच नाही, म्हणून कीबोर्ड वाजवणाऱ्या एका किरकोळ पोरीला सगळ्यांनी पुढं ढकललं. ती माईकपर्यंत गेली, माईककडं नुसतं बघितलं आणि खाली उतरून सरळ माझ्याकडं आली. माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली, मी मान वळवून बघेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "मामा, जनरेटर जरा जवळ आणतासा काय? स्टेजच्या मागं?"

"अगं, त्याच्या धडधडीत तुझं गाणं कुणाला ऐकू येणार?"

"म्हणूनच की," ती म्हणाली.

चेष्टा करतेय का बघितलं, तर तोंडावर रेघ हलली नव्हती. शेवटी चौघांनी ढकलून जनरेटर स्टेजमागं आणला. नवऱ्यामुलाचा बाप माझ्यावर खेकसला, मी त्याच्यावर खेकसलो, आणि त्या सगळ्या गोंधळात पोरीनं डोळे मिटून सहा गाणी म्हटली. चांगली म्हटली असावीत. लोक नाचत होते.

सामान आवरताना मी विचारलं, ही काय तऱ्हा म्हणायची? तर म्हणाली, "मला गप्प जागेत गाता येत न्हाय. मी मागाजवळ शिकलोय." आमच्याकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यात काही विशेष नाही. पण मागाजवळ गाणं शिकलेलं माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ती मूळची कबनूरची, इचलकरंजीला लागून आहे ते. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. ते माग सुरू झाले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ओठ बघून ओळखतो. ही शाळा सुटली की कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहायची आणि ओठांनीच विचारायची, "आण्णा, जेवलासा का?" वडील ओठांनीच म्हणायचे, "जेवलो." मग ही सुताच्या पोत्यावर बसून गळा फाडून गायची. चाळीस माणसांच्या मधोमध बसून गायची आणि एकालाही ऐकू जायचं नाही. वडलांचे कान तर त्या खडखडाटात कधीच गेले होते.

"सगळ्यांसमोर गात हुतो की मी," ती सांगायची. "फकस्त कुणाला कळत न्हवतं."

पुढं तिनं ऑर्केस्ट्रा सोडला, माझ्या गोदामाच्या वरची खोली भाड्यानं घेतली आणि स्वतःची गाणी करायला लागली. शब्द तिचे, चाल तिची, वाद्यं तिची, म्हणजे लॅपटॉपमधली. गाणं झालं की मोबाईलवर जगाला ऐकायला सोडायचं. एकटीचा कारभार. माझी बायको म्हणायची, ही पोरगी वर एकटीच भांडत असते. ती भांडत नव्हती, गाणं करत होती. पण फरक करणं अवघड होतं हे मलाही कबूल आहे.

तिच्या पहिल्या गाण्यात एवढं सामान होतं की माझ्या टेम्पोत मावलं नसतं. ढोल, बासरी, व्हायोलिनचा ताफा, शंख, वर मागाची खडखड, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी ही. मला ते गाणं फार आवडलं होतं. मोठ्ठं होतं. मी ते माझ्या स्पीकरवर लावून अख्ख्या गल्लीला ऐकवलं. ती मात्र खाली आली, बायकोच्या हातातलं तांदळाचं ताट ओढून घेतलं आणि निवडत बसली. निवडता निवडता म्हणाली, "काकी, लई खडं हायत."

"तांदळात?"

"न्हाय ओ, गाण्यात."

तेव्हापासून ती गाणी निवडायला लागली. हा तिचाच शब्द. आज शंख काढलो. आज व्हायोलिन काढलो, कायबी बिघडलं न्हाय. रोज एक काहीतरी काढायचं, गाणं ऐकायचं आणि ते आहे तसंच उभं राहिलं तर काढलेलं परत घ्यायचं नाही. जे काढल्यावर गाणं खाली बसतं तेवढंच ठेवायचं.

आणि हे तपासायचं कसं, तर रिक्षात. बावड्यात रिक्षात बसायची, रंकाळ्यापर्यंत जायची. रिक्षावाल्याला म्हणायची, हे गाणं लावा की. आपलं आहे म्हणून सांगायचं नाही. मागं बसून त्याच्या बोटांकडं बघायचं. बोट हँडलवर ताल धरतंय काय, आणि कुठल्या ओळीला थांबतंय, ते वहीत लिहायचं. घरी येऊन ती ओळ पुन्हा निवडायची. एकदा एकानं विचारलं, "ताई, कुणाचं हो हे गाणं?" तर ही म्हणाली, "हाय एक कबनूरची. लई आगाव हाय म्हणं." दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या एकानं तेच विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं हाय." एवढंच. पण घरी येऊन ते तिनं आम्हाला तीनदा सांगितलं.

मला मात्र तिची गाणी कमी कमी आवडायला लागली. ती म्हणायची, "मामा, कसं वाटलं?" आणि मी म्हणायचो, "बरं आहे, पण पहिल्यागत जोर नाही." शेवटी शेवटी तर एक कीबोर्ड, मागाच्या धोट्याचा बारीक आवाज आणि ती, एवढंच उरलं होतं. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडं पळतो तो. मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर मला त्यातलं अर्धं ऐकूच येत नव्हतं.

आता आलोच आहे इथवर तर सांगून टाकतो. तीस वर्षं भल्यामोठ्या स्पीकरशेजारी उभा राहून माझा डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवा जाण्याच्या वाटेवर होता. पण कोल्हापुरात बहिरं होण्याची एक सोय आहे. सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं कुणाला पत्ता लागत नाही. ऐकू आलं नाही की मान हलवायची आणि 'चालतंय की' म्हणायचं, ह्यावर मी पाच-सहा वर्षं सहज काढली. साउंड मी मिक्सरवरच्या दिव्यांवर चालवायचो. हिरवा असला की आवाज बरोबर, लाल झाला की जास्त. साउंडवाल्याला ऐकू येत नाही हे बाहेर कळलं असतं तर माझा धंदाच बसला असता. बायकोला शंका होती. तिला मी सांगायचो, तूच हळू बोलतेस.

आता तिच्या काठीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नुसत्या वाद्यांवर कार्यक्रमात उभं राहून गायला तिला भीती वाटायची. म्हणून आधीच रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ती वाद्यांच्या बरोबरीनं मागं वाजत ठेवायची आणि त्याच्यावरून खरी गायची. गळा चुकला तरी मागचा आवाज सांभाळून न्यायचा. असं पुष्कळ जण करतात, त्यात लाज नाही. तिनं त्या मागच्या आवाजाचं नाव ठेवलं होतं काठी. जनरेटरच्या जागी आता काठी आली होती, दुसरं काय.

मिक्सरवर त्या आवाजाचं वर-खाली सरकणारं बटण होतं. त्याच्या शेजारी तिनं पांढरी चिकटपट्टी लावली. प्रत्येक कार्यक्रमाला ते बटण तांदळाच्या दाण्याएवढं खाली आणायचं आणि पट्टीवर पेनानं रेघ मारायची. दाण्याएवढंच, जास्त नाही. मी म्हणायचो, "एकदम बंद करून टाक की." ती म्हणायची, "मामा, पडलो तर उचलणार कोण?" दोन वर्षं रेघा खाली सरकत गेल्या. एका जत्रेतल्या कार्यक्रमात बटण तळाला टेकलं. त्या संध्याकाळी तिनं चिकटपट्टी सोलून काढली, गोळी केली आणि कीबोर्डच्या पेटीत ठेवली. बायकोनं शिरा केला होता. तो मी जास्त खाल्ला.

त्यानंतर तिनं ठरवलं, शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात आपला एकटीचा कार्यक्रम करायचा. सगळी गाणी आपली, मागं काठी नाही. आणि वडलांना पहिल्या रांगेत बसवायचं. वडलांनी तिला कधी स्टेजवर बघितलं नव्हतं. "ऐकू येणार न्हाय मला, कशाला येऊ," म्हणून दरवेळी टाळायचे. ह्या वेळी ती स्वतः कबनूरला जाऊन त्यांना घेऊन आली. आठ दिवस तिला दुसरं काही सुचत नव्हतं. लोकांसमोर, गप्प जागेत, स्वतःच्या गळ्यावर आपण उभं राहू शकतो, हे तिला त्या एका माणसाला दाखवायचं होतं.

शेवटचं गाणं त्या कारखान्यावरचं होतं. दुपारी तालमीला ती ते म्हणत होती आणि मी मिक्सरवर होतो. गाण्याच्या मधोमध एका जागी वाद्यं थांबली. तिचे ओठ हलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी मिक्सरच्या दिव्यांकडं बघितलं, तर दिवेही विझलेले. म्हणजे माझा कान नव्हे, तिचा गळा. बाप येणार म्हणून पोरीचा आवाज त्या जागी बसतोय, असं माझ्या मनानं घेतलं. सकाळपासून ती गरम पाणी आणि ज्येष्ठमध घेत होती, ते माझ्या डोळ्यांसमोर होतंच. तालीम संपल्यावर ती वायर गुंडाळत, माझ्याकडं पाठ करून काहीतरी म्हणाली. मी मान हलवली, म्हटलं, "चालतंय की."

विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, आत्ताच सांगितलं की, तर? म्हणून विचारलं नाही. ह्या गाण्याची जुनी काठी माझ्या लॅपटॉपमध्ये होती, त्यात त्या जागेची ओळ तिनं गाऊन म्हटलेली होती. मी ती शोधून काढली. वाटलं, पोरगी पडली तर उचलणारा मी आहे.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. आण्णा पहिल्या रांगेत, स्वच्छ पांढरी टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. सगळा कार्यक्रम काठीशिवाय झाला, आणि माणसं खूश होती हे मला त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. शेवटचं गाणं सुरू झालं तशी मी काठी मागं चालू केली, अगदी हलकी. ती जागा जवळ आली आणि मी बटण वर नेलं.

तिनं गाणं थांबवलं, आण्णांकडं बघितलं आणि ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. ती ओळ नुसत्या ओठांनी विचारायची होती, मागाजवळ विचारायची तशी. ऐन गाण्यात अख्ख्या नाट्यगृहानं गप्प व्हावं आणि तिच्या बापाला तेवढं कळावं, असं ते बेतलेलं होतं. आणि नेमक्या त्याच जागी माझ्या चार मोठ्या स्पीकरमधून तिचाच दोन वर्षांपूर्वीचा आवाज घुमला, "आण्णा, जेवलासा का?"

तोंड नुसतं हलतंय आणि आवाज मागून येतोय, हे सगळ्यांनी बघितलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ट्रॅकवर गातीया की ही." एक शिट्टी आली, हसणं पुढच्या रांगांपर्यंत आलं. दोन तास खरी गायलेली पोरगी एका ओळीत खोटी ठरली, आणि ती मी ठरवली. माझा हात बटणावर होता.

त्या आठशे माणसांत एकच माणूस असा होता की ज्याच्यासाठी काहीच बिघडलं नव्हतं. आण्णांना स्पीकर ऐकू आला नव्हता, हसणंही नाही. त्यांनी लेकीचे ओठ वाचले होते. ते उठून उभे राहिले आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "जेवलो की. तू गा."

नाट्यगृह पुन्हा हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. ती हसली, पदरानं डोळे पुसले आणि माईकवर म्हणाली, "पावणं, थांबा जरा. मागचा आवाज माझाच हाय. दोन वर्सामागचा. तवा मला भ्या वाटायचं." मग माझ्याकडं वळली, मला ओठ दिसतील अशी, आणि सावकाश म्हणाली, "मामा, समदं बंद करा."

मी सगळं बंद केलं. तिनं एका हातानं कीबोर्डचे दोन-तीन सूर धरत ते गाणं पहिल्यापासून म्हटलं. ती जागा आली, तिनं ओठ हलवले, आणि ह्या वेळी सगळं नाट्यगृह तिच्या ओठांकडं बघत होतं. आण्णा जागेवरूनच जरा वैतागून म्हणाले, "एकदा सांगितलं की, जेवलो."

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणीतरी मोबाईलवर नेमकं तेवढंच घेतलं होतं, हलणारे ओठ आणि मागून आवाज. पुढचं घेतलंच नव्हतं. ते चार दिवसांत सगळीकडं फिरलं. 'बघा ही गायिका.' ठरलेले दोन कार्यक्रम गेले. ती खाली यायची बंद झाली. जिन्यावर दिसली तर बायकोशी बोलायची, माझ्याशी नाही. मी कधी नव्हे ते घरात गप्प बसायला लागलो, आणि बायको मला ताप आलाय का बघायला लागली.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी ती गोदामात आली. माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, मी बघेपर्यंत थांबली.

"मामा, त्या जागेला हात लावू नका म्हणून सांगितलं हुतं. मान हलवलासा."

"ऐकू आलं नव्हतं," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडलं.

"ते ठावं हाय मला. त्या हळदीपास्नं ठावं हाय. आमच्या घरात बी एक हाय की."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही नेहमी उजव्या बाजूला का उभी राहते, मी बघेपर्यंत का थांबते. मला वाटायचं, वळण चांगलं आहे पोरीला.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत हुतासा. मी बी काठीमागं लपतच हुतो. कोण कुणाला बोलणार? पण मामा, मी काठी टाकलो. तुमच्या डोळ्यांदेखत टाकलो, शिरा खाल्लासा. आणि तुम्हीच ती परत माझ्या हातात दिलासा. मला येत न्हाय असं तुम्ही ठरवलासा. इचारलासा बी न्हाय."

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. भाड्याच्या खोलीतली पोरगी, पण पोटच्या पोरीनं बोलावं तसं लागलं मला ते.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"लोकांचं मी बघतो. आजऱ्याला कार्यक्रम हाय, त्यांनी ती मोबाईलवरची भानगड बघून बी बोलावलंय. स्टेजवर लॅपटॉपच ठेवणार न्हाय, मंग काय म्हणत्यात बघू. तुमचं तुम्ही बघा. कान दाखवून या. न्हायतर मिक्सरवर दुसरा माणूस बसंल."

गेलो. डॉक्टरांनी तपासून दोन्ही कानांना यंत्रं दिली. बाहेर आलो तर पहिल्यांदा माझ्याच चपला ऐकू आल्या. घरी बायको काहीतरी पुटपुटली आणि मी उत्तर दिलं, तर तिच्या हातातून झारा पडला. पाच-सहा वर्षांत ती माझ्या पाठीमागं काय काय म्हणत असणार हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

दुपारी मी तिची सगळी गाणी लावली. पहिलं लावलं, ते दोन मिनिटांत बंद केलं. कानठळ्या बसल्या. मग नंतरची लावली, ज्यांना मी जोर नाही म्हणत होतो ती. त्यात प्रत्येक ओळीआधी ती श्वास घेते. तो तिनं मुद्दाम ठेवलाय, निवडताना काढलेला नाही. धोटा लांबून येतो, ओळीच्या खालून जातो आणि तिचा गळा त्याच्यावर न टेकता चालत राहतो. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यावरच्या खोलीत चाललं होतं. मी अंगणात जाऊन बसलो.

आजऱ्याला आम्ही दुपारीच पोचलो. सभागृह लहान होतं. लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून तिथल्यांनी जनरेटर आणून ठेवला होता, तोही बरोबर स्टेजच्या मागं. मी तिला विचारलं, "राहू दे का इथंच?"

"लांब न्या," ती म्हणाली. "दिसंल न दिसंल असा."

न्यायला लावला. आत आलो तर सभागृह मोकळं, खुर्च्या रिकाम्या आणि सगळं इतकं गप्प की पंख्याचं करकरणंही ऐकू येत होतं. ती स्टेजवर एकटी उभी होती. माईकच्या मागं, पुढं कीबोर्ड, बाकी काही नाही. मी मिक्सरवर बसलो आणि हातानं खूण केली, बोल. तिनं माझ्याकडं बघून ओठ हलवले. मला काहीच ऐकू आलं नाही. दिवेही लागले नाहीत. माझा हात आपोआप बटणाकडं गेला, मग कानाच्या यंत्राकडं गेला. मग मी दोन्ही हात खाली घेतले आणि तिला म्हटलं, "मला कळलं नाही. परत सांग."

ती हसली. पुन्हा तेच, सावकाश, ओठांनी विचारलं. ह्या वेळी मी नीट बघितलं.

"जेवलो," मी म्हटलं. तेही ओठांनीच.